परके गाणे, आपले कान

‘ही पोरे हातची गेली!’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत मी गेली वीस वर्षे ऐकत आलो आहे. आणि खरे सांगावयाचे तर त्यांतली निदान दहा वर्षे ते मीच उच्चारीत आलो आहे. पोरे हातची जाण्याची कारणे मात्र दरसाल बदलतात. कधी क्रिकेट, कधी सिनेमा, कधी मोबाइल. अलीकडे या यादीत जपानी चित्रमालिका दाखल झाल्या आहेत. मुले त्यांना ‘ॲनिमे’ म्हणतात. त्या मालिकांबरोबर जपानी गाणीही आली. ‘अहो, धड एक श्लोक पाठ नाही, आणि दिवसभर हे काय जपानी बरळत बसते!’ अशी तक्रार घेऊन पालक येतात. आम्ही माना डोलावतो. संस्कृती बुडाली यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते, चहा येतो, आणि संस्कृती पुढच्या पालकसभेपर्यंत तशीच बुडालेली राहते.

प्रस्तुत लेख या एकमताविरुद्ध आहे. तो लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की या बाबतीत मी स्वतः एक अपराध केलेला आहे. तो आधी सांगून टाकतो.

गेल्या वर्षी आठवीच्या मराठीच्या वह्या तपासताना एका मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर एक जपानी गाणे सापडले. देवनागरीत, वळणदार अक्षरात उतरून घेतलेले. प्रत्येक ओळीखाली हिरव्या शाईने मराठी अर्थ लिहिला होता. कोठे अर्थ लागला नव्हता तेथे प्रश्नचिन्ह केले होते. मी ते पान भर वर्गात मोठ्याने वाचून दाखविले. शब्द मुद्दाम वेडेवाकडे उच्चारून, नाटकी हातवारे करून. वर्ग पोट धरधरून हसला. ‘निबंधात शुद्धलेखनाच्या अकरा चुका, आणि जपानी मात्र अस्खलित!’ असे म्हणून मी वही तिच्या बाकावर टाकली. मधल्या सुट्टीत हाच किस्सा शिक्षकांच्या खोलीत सांगून मी दुसऱ्यांदा हशा मिळविला. ती मुलगी हसली नव्हती, हे मला त्या दिवशी दिसले होते. पण दिसलेले सगळेच आपण पाहतो असे नाही.

या मे महिन्याच्या सुट्टीत थोरल्या बहिणीकडे अमेरिकेत जाण्याचा योग आला. ताईची मुलगी सतरा वर्षांची. घरात मराठी उत्तम बोलते, आणि खोलीच्या भिंती जपानी चित्रांनी भरलेल्या. तिने पहिल्याच आठवड्यात फर्मान काढले, ‘मामा, शनिवारी तू माझ्याबरोबर यायचंस. गाण्यांवर पॅनेल आहे. तू लेखक आहेस ना? मग तुला आवडेल.’ ताईने मला डोळ्यांनी खुणावले : जा, आणि जमल्यास पोरीला थोडे शहाणपण शिकव. मीही त्याच तयारीने निघालो.

एका मोठ्या हॉटेलात ॲनिमेच्या चाहत्यांचा तीन दिवसांचा मेळावा भरला होता. आवारात शिरलो आणि क्षणभर कोकणातल्या दशावताराच्या रंगपटात आल्यासारखे वाटले. कोणी पुठ्ठ्याची तलवार खांद्यावर टाकलेली, कोणाच्या पाठीला पंख, कोणाचे केस कमरेपर्यंत आणि तेही हिरवे-निळे. सगळी सोंगे घरी शिवलेली. एक धिप्पाड मुलगा कोपऱ्यात बसून दुसऱ्याच्या सुटलेल्या बाहीला टाका घालीत होता. खाली विक्रीची दालने होती, आणि तेथे पैसा पाण्यासारखा वाहत होता, हेही नमूद केले पाहिजे. एवढ्याशा बाहुलीची किंमत ऐकून मी मनात तिचे रुपये केले आणि बाहुली जपून होती तेथे ठेवली.

पॅनेल म्हणजे आपल्याकडचा परिसंवाद. फरक असा, की या मेळाव्यांतले पुष्कळसे परिसंवाद पंडित चालवीत नाहीत, चाहतेच चालवितात. आपला विषय ते आधी अर्जाने कळवितात, निवड झाली तर कित्येक आठवडे खपून तयारी करतात, आणि तासभर बोलतात. त्या दिवशीच्या दोन वक्त्यांपैकी बाई एका ग्रंथालयात नोकरीला होत्या आणि त्यांचा जोडीदार रुग्णालयात परिचारक होता. विषय होता जपानी लोकप्रिय गीतांची साठ वर्षे. आणि दाराबाहेर रांग! व्याख्यानासाठी तरुण मुले पाऊण तास रांगेत उभी राहिलेली मी आयुष्यात प्रथमच पाहिली. आपल्या साहित्यसंमेलनात परिसंवाद चालू असतो तेव्हा गर्दी कोठे असते, हे मी सांगावयास नको. भज्यांचा वास सांगतो.

माझे इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचेच. भाची शेजारी बसून कानात मराठी सांगत होती.

सुरुवात झाली ती १९६१ सालच्या एका गाण्याने. डोळ्यांतले पाणी खाली ओघळू नये म्हणून मान वर करून चालणाऱ्या एका एकाकी माणसाचे ते गाणे. शब्द एई रोकुसुके यांचे, चाल नाकामुरा हाचिदाई यांची, आणि गळा साकामोतो क्यू यांचा. जपानीत रोकु म्हणजे सहा, हाचि म्हणजे आठ, क्यू म्हणजे नऊ. म्हणून या तिघांना जपानात ‘सहा-आठ-नऊ’चे त्रिकूट म्हणत. गाणे प्रेमभंगाचे वाटते. पण त्यामागे १९६० साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा-कराराविरुद्ध उसळलेले आंदोलन आहे. त्या आंदोलनात हरून घरी परतणाऱ्या कवीची खिन्नता त्या शब्दांत उतरली. आणि दैवाचा खेळ असा, की हेच गाणे १९६३ च्या जूनमध्ये खुद्द अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. कोणत्या नावाने? ‘सुकियाकी’! सुकियाकी म्हणजे मांसाचे पातळ काप घालून शिजविलेला एक जपानी पदार्थ. गाण्यात त्याचा मागमूस नाही. परदेशी विक्रेत्यांना मूळ नाव जड वाटले, म्हणून ओळखीचा एक जपानी शब्द चिकटविला. आपल्या एखाद्या विरहगीताची तबकडी लंडनमध्ये ‘थालीपीठ’ म्हणून खपवावी, तशातला हा प्रकार. १९८५ च्या ऑगस्टमध्ये जपानात एक प्रवासी विमान डोंगरावर आदळले आणि ५२० माणसे गेली. साकामोतो त्यांत होते. बाईंनी हे सांगितले तेव्हा खोलीत पंखे लावलेली, शिंगे लावलेली सगळी सोंगे अगदी चिडीचूप होती.

मग आले १९७९ सालचे एक गाणे. मात्सुबारा मिकी नावाच्या, विशीही न गाठलेल्या मुलीने गायिलेले. मिउरा योशिको यांचे शब्द, हायाशी तेत्सुजी यांची चाल. गायिका २००४ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने वारली. आणि २०२० च्या अखेरीस तेच गाणे जगभरच्या मुलांच्या फोनवर वाजू लागले. मागून हिरव्या केसांच्या एका मुलीने हात वर केला. ती हात्सुने मिकू झाली होती. ही मिकू म्हणजे २००७ साली साप्पोरोच्या एका कंपनीने बाजारात आणलेला संगणकी आवाज; तिच्या नावाने हजारो गाणी आहेत, पडद्यावर तिचे जलसे होतात, आणि प्रत्यक्षात गायिका अशी कोणी नाहीच. मी मनात म्हटले, आता सापडले! गायिकाच नाही, तर श्रद्धा कशावर? पण मुलीने ठणकावून सांगितले, की मिकूच्या आवाजाचे मूळ तुकडे फुजिता साकी या अभिनेत्रीने ध्वनिमुद्रित करून दिले आहेत, आणि त्यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. जी गायिका अस्तित्वातच नाही, तिच्याही गळ्यामागची बाई या मुलांनी शोधून काढली होती!

मी कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे ‘योआसोबी’ या जोडीची हकीकत ऐकून मला सरळसरळ हेवा वाटला. २०१९ मध्ये पुढे आलेली ही जोडी लघुकथा निवडते आणि कथेवरून गाणे रचते. मुले गाणे ऐकतात आणि मग मूळ कथा शोधून वाचतात. कथालेखकाला वाचक मिळवून देणारी अशी युक्ती आमच्या एकाही प्रकाशकाला आजवर सुचलेली नाही. २०२३ मध्ये एका चित्रमालिकेसाठी त्यांनी केलेले ‘आयडॉल’ हे गीत अमेरिका वगळून उरलेल्या जगाच्या यादीत पहिले आले. विषय? चाहत्यांपुढे सदैव हसऱ्या राहणाऱ्या गायिकेचे खोटे हसू.

येथवर सगळे गोड होते. मी वाट पाहत होतो ती या गोडव्याखालचे कडू कोण काढतो याची. कोणी काढणार नाही, अशी माझी खात्री होती. चाहते ते चाहते! परंतु परिचारक तरुणाने पुढचे चित्र लावले आणि तो म्हणाला, ‘आता हसू बंद.’

२०१३ च्या जानेवारीत ‘एकेबी ४८’ या मुलींच्या प्रचंड लोकप्रिय गायक-मंडळीतील मिनेगिशी मिनामी ही वीस वर्षांची गायिका डोक्याचे मुंडण करून चित्रफितीत आली आणि ओक्साबोक्शी रडत तिने जगाची क्षमा मागितली. तिचा गुन्हा काय? एका तरुणाच्या घरी ती रात्रभर राहिली असे एका साप्ताहिकाने छापले होते. या मंडळीतल्या मुलींनी प्रेम करावयाचे नाही असा दंडक होता. कारण चाहता तबकडी विकत घेतो ती त्याबरोबर मिळणाऱ्या हस्तांदोलनाच्या तिकिटासाठी, आणि ज्या हाताला दुसरा कोणी धरणारा आहे त्या हाताचा भाव उतरतो. त्याहून काळी गोष्ट जॉनी किटागावा यांची. कोवळ्या मुलांच्या गायक-मंडळ्या घडविणारा हा जपानातला सर्वांत बलाढ्य माणूस. त्याने त्या मुलांवर केलेल्या अत्याचारांचे आरोप २००३ साली टोकियोच्या उच्च न्यायालयाने बदनामीच्या एका खटल्यात मुख्यतः खरे धरले होते. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी गप्प राहिली. २०१९ मध्ये तो सन्मानाने मेला. २०२३ मध्ये बीबीसीने माहितीपट दाखविला, बळी पडलेले पुरुष पुढे आले, आणि त्या सप्टेंबरात कंपनीने अखेर कबुली दिली. न्यायालय बोलल्यावर देशाला ऐकू येण्यास वीस वर्षे लागली!

एक लठ्ठसा तरुण उभा राहिला. आवाज कापत होता. ‘मी याच मंडळ्यांची गाणी ऐकत मोठा झालो. माझी आई गेली त्या वर्षी मला त्यांनीच सावरलं. आता मी ती ऐकू की नको?’ यावर वाद झाला. एकीने म्हटले, ऐकू नये. पैसा शेवटी त्याच दारी जातो. दुसऱ्याने म्हटले, ज्या मुलांनी ती गायिली त्यांचे एवढेच तर उरले आहे, तेही पुसावयाचे काय? तिसरा म्हणाला, आपण सगळ्यांनी तबकड्या घेतल्या, तेव्हा आपणही साक्षीदार आहोत. निकाल लागला नाही. वेळ संपली, पुढच्या परिसंवादाची मंडळी दारात उभी राहिली, आणि मुले वाद घालीत घालीतच बाहेर पडली.

वाचकहो, मी त्यांना शहाणपण शिकविण्यास गेलो होतो!

परत येताना गाडीत भाचीने विचारले, ‘मामा, तुमच्याकडच्या गाण्यांवर असं बोलतात का रे?’ मी ‘हो तर!’ म्हटले आणि खिडकीबाहेर पाहू लागलो. बोलतो का आपण? दिवाळी पहाटेला ठेवणीतले रेशमी कपडे घालून आपण बसतो. निवेदक बिचारा कवीचे नाव सांगतो, संगीतकाराचे सांगतो. तेवढ्यात आपण शेजाऱ्याला ‘पार्किंग मिळालं का?’ असे विचारून घेतो. गाणे सुरू झाले की डोळे मिटतो. सतार कोणी वाजविली, वाद्यमेळ कोणी बांधला, त्या कवीला त्या गाण्याचे काय मिळाले, हे प्रश्न आपल्या तोंडून कधी आले आहेत?

आणि किमतीचा प्रश्न तर विचारूच नका. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पूर्ण दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असे सांगतात. आपण ती गोष्ट कशासाठी सांगतो? ‘याला म्हणतात कलेवरची निष्ठा!’ असे म्हणून टाळ्या घेण्यासाठी. भरल्या दिवसांत त्या बाईला बोर्डावर का उभे राहावे लागले, घरी राहिली असती तर तिच्या फडाची चूल पेटली असती का, हे कोणी विचारीत नाही. पुढे त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, अखेरचे दिवस हलाखीत गेले, २००२ मध्ये त्या वारल्या, आणि आता त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देते. जपानी मुलीच्या मुंडणावर अमेरिकेतली मुले लाजली. आपल्या बाईच्या त्या दगडावर आपण टाळ्या वाजवितो. मग हातचे कोण गेले?

‘पण भाषा कळत नाही त्या गाण्यात मुलांना काय समजते?’ हा पालकांचा ठेवणीतला सवाल. आमच्या आजोबांनी संगीत नाटकांसाठी रात्री जागविल्या. त्या पदांच्या कितीक चाली कर्नाटकातून आल्या, कितीक पारशी नाटक मंडळ्यांकडून आल्या. मराठी त्यामुळे बुडाली नाही, नटली. आपल्या सोसायटीतले निवृत्त काका हल्ली वाढदिवसाला हाती माइक घेऊन ज्या यंत्राच्या साथीने गातात, ते कराओके १९७१ साली कोबे शहरातल्या इनोउए दाइसुके या वादकाने जुळविले. त्याने त्याचे पेटंटही घेतले नाही. काकांचे गाणे ऐकून संस्कृती बुडाल्याची तक्रार कोणी करीत नाही. गाणे बुडते, ती गोष्ट वेगळी!

आणि माझ्या वयाच्या बाप्यांनो, जरा आपले लहानपण आठवा. १९९३ साली रविवारी सकाळी रस्ते ओस पाडून आपण दूरदर्शनवर कोणाला पाहत होतो? मोगलीला! शीर्षकगीत गुलजारांचे आणि चाल विशाल भारद्वाजांची, हे आपल्यापैकी पुष्कळांना फार पुढे कळले. पण ती चित्रे? ती १९८९ साली जपानात ‘निप्पॉन ॲनिमेशन’ने काढलेली होती. आपली पिढी जपानी चित्रांवरच वाढली आहे. आपण विचारले नाही, एवढेच. आजची मुले विचारतात. आपल्या पोटात दुखते ते परक्या गाण्यामुळे की या विचारण्यामुळे, याचा ज्याने त्याने शोध घ्यावा.

कोणी म्हणेल, मास्तर परदेशात आठ दिवस राहिले आणि भाळले. तसे नाही. त्या मेळाव्यात धंदा होता, उधळपट्टी होती, आणि नुसती छायाचित्रे काढून घेण्यास आलेलीही शेकडो होती. गाण्याच्या खोलीत होती ती थोडी. पण शाळेतही वाचणारी मुले थोडीच असतात. त्या थोड्यांसाठीच शाळा चालवावयाची असते. माझे म्हणणे एवढेच, की ज्या मुलाने परक्या भाषेतले गाणे अर्थासकट उतरून घेण्याचे कष्ट केले, त्याला ऐकावे कसे हे कळले आहे. त्याच्यापुढे आपली लावणी ठेवा, ओवी ठेवा, गीतरामायण ठेवा. कोणी लिहिले, कोणत्या दिवसांत लिहिले, कोणी काय सोसले, हे त्याच प्रेमाने सांगा. तो तेही उतरून घेईल. आपण सांगत नाही, आणि त्याने दुसऱ्याचे ऐकले की हसतो. मराठी त्या हसण्याने मरेल.

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुलगी आता नववीत आहे. मी तिला बोलावले.

‘ती वही आहे का गं?’

‘नाही, सर. फाडली.’

‘केव्हा?’

‘त्याच दिवशी.’

ज्या मुलांपुढे तिचे हसे केले होते त्याच मुलांपुढे, त्याच वर्गात, मी तिची क्षमा मागितली. ती ‘ठीक आहे, सर’ म्हणाली. ठीक नसताना मोठ्यांना म्हणतात तसे. ते गाणे कोणाचे होते, हे मी तिला दोनदा विचारले. ‘आठवत नाही,’ म्हणाली. तिला आठवते, हे मला ठाऊक आहे.

या चार दिवसांत तुमच्या घरात माणसे जमतील. चकलीचा डबा फिरेल, आणि एखादा भाचा, एखादी पुतणी कानात यंत्र घालून कोपऱ्यात बसलेली दिसेल. ‘काय गं हे चिनी-जपानी?’ असे म्हणण्यासाठी जीभ वळवळेल. ती आवरा. शेजारी बसा आणि विचारा : हे कोणी लिहिले? गाणाऱ्याचे पुढे काय झाले? मूल सांगू लागेल. त्याचे सांगून झाले, की मग तुमचे एखादे गाणे त्याला ऐकवा. आणि त्याने तेच दोन प्रश्न तुम्हांला उलट विचारले, तर उत्तर देता येईल एवढी तयारी आजपासूनच ठेवा.